आफ्रिका अभ्यासातील पहिला शोधनिबंध: गोषवाऱ्यापासून छपाईपर्यंत

आफ्रिकेविषयी संशोधन करायचे ठरवले की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आफ्रिकाच का?’, आणि विद्यापीठात पहिला प्रश्न येतो, ‘मार्गदर्शक कोण मिळणार?’ या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याची त्याने शोधलेली बरी. हा लेख त्यापुढच्या टप्प्याविषयी आहे. विषय ठरला आहे, थोडी सामग्री हाताशी आहे आणि आता पहिला निबंध परिषदेत मांडून पुढे एखाद्या चांगल्या नियतकालिकात छापायचा आहे, अशा वाचकासाठी तो लिहिला आहे. दिल्ली विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचा विभाग १९५५ पासून आहे आणि मुंबई विद्यापीठात या विषयाचे केंद्र १९७१ पासून आहे; तरीही निबंध कुठे पाठवावा, कधी पाठवावा आणि कोणासाठी लिहावा, ही माहिती एकाकडून दुसऱ्याकडे तोंडीच जाते. ज्याला विचारायला कोणी नाही, त्याची दोन वर्षे सहज वाया जातात. माझी गेली.

माझा विषय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोकणातून केप टाउनला गेलेल्या मुसलमान कुटुंबांचा होता, त्यामुळे उदाहरणे त्यातलीच येतील. तुमचा विषय सेनेगलच्या मासेमारीचा असो की नायजेरियाच्या चित्रपटांचा, पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

१. आधी आफ्रिकेत काय लिहिले गेले आहे ते वाचा

माझ्या पहिल्या गोषवाऱ्याचे पहिलेच वाक्य असे होते: ‘या विषयाकडे अभ्यासकांचे आजवर दुर्लक्ष झाले आहे.’ मार्गदर्शकांनी त्याभोवती पेन्सिलने गोल काढला आणि समासात ‘कोणत्या अभ्यासकांचे?’ एवढेच लिहिले. पुढच्या आठवड्यात शोध घेतला, तेव्हा कळले की केप टाउनजवळच्या वेस्टर्न केप विद्यापीठातील इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी केपमधील भारतीय स्थलांतरित, त्यांचे परवाने आणि त्या परवान्यांवरची छायाचित्रे यांवर कित्येक वर्षे काम केलेले आहे. दुर्लक्ष झाले होते ते माझे.

ही चूक आपल्याकडून वारंवार होते, कारण आपण आफ्रिकेविषयीचे लेखन लंडन आणि न्यूयॉर्कच्या खिडकीतून शोधतो. बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलिन हुंतोंजी यांनी या व्यवहाराचे वर्णन फार नेमके केले आहे: माहिती आफ्रिकेत गोळा होते, तिचा सिद्धांत युरोपात तयार होतो आणि मग तो सिद्धांत परत आफ्रिकेत आयात होतो. वऱ्हाडातला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत येत असे, हे ज्यांनी शाळेत वाचले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मात्र भारतीय अभ्यासक या साखळीत आपोआप कापूस पिकवणाऱ्याच्या बाजूला उभा राहतो, असा गैरसमज करून घेऊ नका. नैरोबीच्या प्राध्यापकाला न वाचता केंब्रिजच्या प्राध्यापकाचा हवाला देणारा पुण्याचा विद्यार्थी गिरणीच्याच बाजूला असतो.

शोधाची सुरुवात ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’ या संग्रहापासून करा. १९९८ मध्ये सुरू झालेल्या आणि आता दक्षिण आफ्रिकेतून चालणाऱ्या या ना-नफा संस्थेकडे खंडभरातील शेकडो नियतकालिके आहेत आणि त्यांतली बरीच विनामूल्य वाचता येतात. त्यानंतर ‘कोडेस्रिया’कडे वळा. सेनेगलची राजधानी डकार येथे १९७३ मध्ये स्थापन झालेली ही समाजशास्त्रीय संशोधनाची परिषद इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत नियतकालिके काढते. विद्यापीठांच्या प्रबंधसंग्रहांकडे मात्र जवळजवळ सगळेच पाठ फिरवतात. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन, वेस्टर्न केप व विटवॉटर्सरँड आणि युगांडातील मकेरेरे या विद्यापीठांतील एम.ए.चे प्रबंधही नीट चाळा, कारण स्थानिक तपशील तिथेच सापडतो. भारतात १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांना तीस मोठ्या प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके उघडली आहेत, त्यांचा लाभ जरूर घ्या. पण आफ्रिकेतच निघणारे लेखन बहुतेक या दाराबाहेर आहे, हे विसरू नका.

एक सोपी कसोटी सांगतो. तुमची संदर्भसूची उघडा आणि आफ्रिकेत काम करणाऱ्या किंवा आफ्रिकेत प्रकाशित झालेल्या लेखकांच्या नावांपुढे खुणा करा. चाळीसपैकी चारच खुणा पडल्या, तर निबंध अजून लिहायला घेऊ नका.

२. सामग्री आणि तिची परवानगी

दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची एक संगणकीय सूची आहे आणि ती घरबसल्या पाहता येते. त्या सूचीत ‘केएबी’ हा संकेत निवडला की फक्त केप टाउनच्या दप्तरखान्यातील कागद समोर येतात. ते दप्तर रोलंड रस्त्यावर, जुन्या तुरुंगाच्या जागेवर उभ्या असलेल्या इमारतीत आहे. मला तिथे जाण्यापूर्वी आठ महिने ही सूची वापरता आली असती. माहीत नव्हती, म्हणून पहिले दोन दिवस नुसते नोंदवही उलटण्यात गेले.

तिथला एक कागद जवळून दाखवतो, म्हणजे आपल्या भाषेचा उपयोग कुठे होतो ते लक्षात येईल. केप टाउन ज्या ब्रिटिश वसाहतीत होते, त्या केप वसाहतीने १९०२ मध्ये आणि पुन्हा १९०६ मध्ये स्थलांतराचे कायदे केले आणि नव्याने येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत लिहिता येण्याची अट घातली. आधीपासून केपमध्ये राहणाऱ्या भारतीयाला काही काळ गावी जाऊन यायचे असेल, तर जाण्यापूर्वी परवाना घ्यावा लागे. नाहीतर परत येताना तो नवखा ठरून बंदरातच अडकण्याची भीती असे. परवान्यावर छायाचित्र, अंगठ्याचा ठसा, वय, खुणा आणि गावाचे नाव अशा नोंदी असत. गावाचे नाव कारकून कानाला येईल तसे इंग्रजीत लिही. माणगाव तालुक्यातील मोर्बा आणि गुजरातेतील मोरबी यांत फरक आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. ज्याला रायगड आणि रत्नागिरीची गावे तोंडपाठ आहेत, त्याला ही गाठ सुटते. तुमच्या निबंधाचे वेगळेपण अशाच जागी शोधा. ‘भारतीय दृष्टिकोन’ या शब्दांनी समीक्षकाचे, म्हणजे नियतकालिकासाठी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाचे, समाधान होत नाही. ‘हे गाव चुकीचे वाचले गेले आहे आणि ते बरोबर वाचले की कुटुंबाचा प्रवास असा बदलतो’ या विधानाने होते.

महाराष्ट्र आणि गोव्यातही आफ्रिकेची सामग्री आहे. मुंबईत काळा घोडा येथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालत असे, त्यामुळे पोर्तुगीज वाचता येणाऱ्याने पणजीच्या अभिलेखागाराला वगळू नये. नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनमध्ये शिकलेल्या, गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेला ब्रिटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाच्या वेळीही उपस्थित होता. या विषयावर नाशिकमध्ये बसूनही बरेच काम करता येईल.

परवानगीच्या बाबतीत मात्र हलगर्जीपणा नको. केनियात ‘नाकोस्टी’, टांझानियात ‘कोस्टेक’ आणि युगांडात राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान परिषद या संस्था परदेशी संशोधकांना परवाने देतात. त्यासाठी साधारणपणे तिथल्या एखाद्या संस्थेशी संलग्नता दाखवावी लागते आणि ते पत्र मिळवण्यातच सर्वाधिक वेळ जातो. पर्यटक म्हणून जाऊन ‘दोनच मुलाखती तर घ्यायच्या आहेत’ असे म्हणणे हा नवख्यांचा आवडता सापळा आहे. मुलाखती पदरात पडतात, पण नियतकालिक नैतिक मान्यतेचा क्रमांक मागते तेव्हा देण्यासारखे काही नसते. आपल्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी प्रवासाआधीच घ्या; नंतरची तारीख चालत नाही.

अभिलेखागारात पेन नेऊ नका, पेन्सिल न्या. छायाचित्रणाचे नियम आणि शुल्क आधी ईमेलने विचारून ठेवा. नैरोबीला गेलात तर राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीकडे नीट बघा, ती मुळात नॅशनल बँक ऑफ इंडियासाठी बांधलेली होती.

३. गोषवारा

गोषवारा साधारण अडीचशे शब्दांचा मागतात. त्यात चार गोष्टी याव्यात: प्रश्न कोणता, सामग्री कोणती, तुमचे म्हणणे काय आणि ते कोणाच्या म्हणण्याला उत्तर देते. नवखा माणूस पहिल्या गोष्टीवर दोनशे शब्द खर्च करतो आणि तिसरी ‘निबंधात मांडली जाईल’ असे आश्वासन देऊन सोडून देतो. निवड करणारा एका बैठकीत पन्नास गोषवारे वाचत असतो. त्याला आश्वासन नको असते, विधान हवे असते.

माझे जुने वाक्य होते: ‘कोकणी मुसलमानांच्या दक्षिण आफ्रिकेतील स्थलांतराच्या विविध पैलूंचा अभ्यास या निबंधात केला आहे.’ निवड झाली ती पुढील वाक्याची: ‘केपचा परवाना हा स्थलांतर रोखण्यासाठी काढलेला कागद होता, पण कोकणातील कुटुंबांनी त्याचा वापर दोन किनाऱ्यांवर एकच घर चालवण्यासाठी केला.’ दुसऱ्या वाक्याशी कोणाला वाद घालता येतो, म्हणून ते चांगले.

शीर्षकाबाबत दोन सूचना आहेत. केप टाउनच्या चार गल्ल्यांवर लिहिलेल्या निबंधाला ‘आफ्रिकेतील भारतीय’ असे नाव देऊ नका. चोपन्न देशांच्या खंडावर तुमचा एवढा अधिकार नाही. आणि शीर्षकात कोटी करण्याचा मोह आवरा. ज्या श्रोत्यांची ती मातृभाषा नाही, त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही.

४. परिषद कोणती निवडावी

या क्षेत्रातील मोठ्या परिषदांचे वेळापत्रक एकदा समजून घेतले की निम्मा गोंधळ संपतो.

अमेरिकेतील ‘आफ्रिकन स्टडीज असोसिएशन’ १९५७ मध्ये स्थापन झाली. तिचे अधिवेशन दरवर्षी, बहुधा नोव्हेंबरच्या आसपास, भरते आणि प्रस्तावांची मुदत त्याच वर्षीच्या वसंतातच संपते. ब्रिटनमधील त्याच नावाची संघटना १९६३ मधील आहे आणि तिची परिषद दोन वर्षांतून एकदा, सम वर्षी भरते. युरोपातील केंद्रांच्या ‘एजिस’ या जाळ्याची परिषद ‘एकास’ या नावाने ओळखली जाते. २००५ मध्ये लंडनला सुरू झालेली ही परिषद विषम वर्षी भरते, २०२३ मध्ये ती कोलोनला आणि २०२५ मध्ये प्रागला झाली. ‘आफ्रिकन स्टडीज असोसिएशन ऑफ आफ्रिका’ ही संघटना २०१३ मध्ये उभी राहिली आणि तिची पहिली परिषद २०१५ मध्ये नायजेरियातील इबादान येथे झाली. यांखेरीज कोडेस्रियाची महासभा आहे आणि प्रत्येक विषयाच्या प्रादेशिक परिषदाही आहेत. माझ्यासारख्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला दक्षिण आफ्रिकी इतिहास परिषदेची द्वैवार्षिक सभा सर्वांत उपयोगी पडली.

ही नावे नुसती पत्त्यांची यादी नाही. घानाचे तेव्हाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी डिसेंबर १९६२ मध्ये अक्रा येथे आफ्रिकाविदांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे उद्‌घाटन केले, तेव्हा आफ्रिकेचा अभ्यास आफ्रिकेतून व्हावा ही अपेक्षा स्पष्ट होती. सात वर्षांनी, १९६९ मध्ये, अमेरिकी संघटनेच्या माँट्रियल अधिवेशनात कृष्णवर्णीय अभ्यासकांनी सत्रे रोखून धरली. संघटनेचा कारभार आणि आफ्रिकेविषयी बोलण्याचा अधिकार गोऱ्या प्राध्यापकांच्या हाती का, असा त्यांचा प्रश्न होता. आफ्रिकेत स्वतंत्र संघटना उभी राहायला त्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ गेला. हे माहीत असले म्हणजे सत्रात एखादा तिखट प्रश्न आला तर तो आपल्या व्यक्तित्वावरचा हल्ला वाटत नाही.

माझे मत विचाराल, तर पहिला निबंध आफ्रिकेत भरणाऱ्या परिषदेत किंवा लहान प्रादेशिक सभेत मांडा. खर्चाचा विचार यात आहेच, पण मुख्य कारण वेगळे आहे. तिथे बसलेल्या वीस जणांपैकी पाच जणांना तुमचा रस्ता, तुमचे दप्तर आणि तुमच्या चुका ठाऊक असतात. मोठ्या अधिवेशनात एकाच वेळी अनेक दालनांत सत्रे चालू असतात आणि नवख्याच्या वाट्याला सकाळी साडेआठचे सत्र आणि सहा श्रोते येतात.

मोठ्या परिषदांत आधी पॅनेलचे, म्हणजे एका विषयावरील निबंधांच्या सत्राचे, प्रस्ताव मागवले जातात, ते मंजूर झाले की त्या पॅनेलांसाठी निबंध मागवले जातात. ‘एकास’ची पद्धत नेमकी अशीच आहे. तिथे दोन गोषवारे लागतात, एक अडीचशे शब्दांचा आणि एक तीनशे अक्षरांचा. अक्षरांचा, शब्दांचा नव्हे. मी शेवटच्या रात्री तीनशे शब्द लिहून बसलो होतो. प्रस्ताव पाठवण्यापूर्वी पॅनेलच्या संयोजकाला चार ओळींचे सभ्य पत्र लिहायला हरकत नसते.

बनावट परिषदांपासून सावध राहा. ‘आदरणीय प्राध्यापक’ असे संबोधन, सगळ्या जगाचे सगळे विषय एकाच छताखाली, संयोजक विद्यापीठाचे नाव नाही आणि नोंदणी शुल्क आजच भरल्यास सवलत, अशा लक्षणांचे पत्र आले की त्याला उत्तरही देऊ नका.

५. कागदपत्रे, पैसे आणि व्हिसा

मंजुरीचे पत्र आल्याच्या दिवशीच पुढील फाइल तयार करायला घ्या:

- किमान सहा महिने वैध असलेले आणि कोरी पाने असलेले पारपत्र
- परिषदेचे निमंत्रणपत्र, त्यात तुमचे नाव पारपत्रावर आहे तसेच, तारखा आणि निबंधाचे शीर्षक
- विद्यापीठाचे नोंदणीपत्र आणि विभागप्रमुखांचे ना-हरकत पत्र
- बँकेची मागील काही महिन्यांची विवरणे, किंवा अनुदान मिळाले असल्यास त्याचे मंजुरीपत्र
- निवासाची नोंद आणि जाण्या-येण्याच्या तिकिटांचे आरक्षण
- प्रवास विमा
- आवश्यक असेल तिथे पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र

नावाच्या बाबतीत आपली खास मराठी अडचण आहे. पारपत्रावर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असते, निबंधावर मधले नाव गाळलेले असते आणि परिषदेच्या पत्रावर मधलेच नाव आडनाव म्हणून येते. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीचा अर्ज एवढ्याच कारणाने परत आला. निमंत्रणपत्र हाती पडताच नाव तपासा आणि चुकले असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून मागवा.

युरोपातील बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. एवढा वेळ आहे म्हणून स्वस्थ बसू नका, कारण भेटीची वेळ मिळणे हीच खरी अडचण असते. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगीची पद्धत सुरू केली आहे.

पिवळ्या तापाची लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवसानंतर वैध होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. ही लस फक्त तिकडे जाण्यासाठी असते असे समजू नका: केनिया, युगांडा, इथिओपिया, घाना, नायजेरिया यांसारख्या देशांतून प्रमाणपत्राशिवाय परत आलात, तर मुंबईच्या विमानतळावरून तुम्हाला थेट विलगीकरणात पाठवले जाऊ शकते आणि तो मुक्काम सहा दिवसांपर्यंतचा असू शकतो. दक्षिण आफ्रिकेला जाताना आदिस अबाबा किंवा नैरोबीला लांबचा थांबा असेल, तरीही प्रमाणपत्र जवळ ठेवा.

पैशांसाठी तीन दारे ठोठावा: तुमचे विद्यापीठ, भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेसारखी संस्था आणि स्वतः परिषद. बऱ्याच परिषदा अभ्यासकाच्या देशानुसार शुल्कात सवलत देतात. ती मागितल्याशिवाय मिळत नाही. भारतातील अनुदाने बहुधा खर्च केल्यानंतर हाती येतात, म्हणून विमानात चढण्याचा पास आणि प्रत्येक पावती जपून ठेवा.

६. पंधरा मिनिटांची मांडणी

पंधरा मिनिटांत इंग्रजीचे अठराशे शब्द होतात, त्याहून अधिक नाही. मी तीन हजार शब्द घेऊन उभा राहिलो होतो. अध्यक्षांनी ‘५’ लिहिलेला कागद दाखवला तेव्हा मी १९०२ च्या कायद्यापर्यंत पोचलो होतो आणि ‘१’ लिहिलेला कागद आला तेव्हाही तिथेच होतो. माझे मुख्य म्हणणे शेवटच्या तीन पानांत होते. ते माझ्यासोबत मुंबईला परत आले. म्हणून म्हणणे पहिल्या दोन मिनिटांत सांगा आणि मग पुरावा द्या.

त्याच सत्रात मी पडद्यावर एका माणसाचा परवाना दाखवला, चेहरा आणि अंगठ्याच्या ठशासकट. एका श्रोत्याने शांतपणे विचारले की या माणसाची नातवंडे याच शहरात असतील, त्यांना तुम्ही विचारले आहे का. माझ्याकडे उत्तर नव्हते. दप्तर सर्वांना खुले आहे, हे उत्तर कायद्याने बरोबर असले तरी त्या दालनात अपुरे होते. त्यानंतर मी कोणतेही छायाचित्र दाखवण्यापूर्वी कुटुंबाचा शोध घेतो आणि ते सापडले नाही तर तसे सांगतो.

प्रश्नोत्तरांच्या वेळी वही उघडी ठेवा आणि प्रश्न विचारणाऱ्याचे नाव लिहून घ्या. पुढे निबंधाच्या शेवटी आभार मानताना त्याच नावांची गरज पडते, आणि समीक्षकही बहुधा त्यांच्यातलाच एखादा निघतो.

७. नियतकालिकाची निवड

निबंध आधी लिहून मग नियतकालिक शोधू नका. प्रत्येकाची चर्चा वेगळी, लांबी वेगळी आणि स्वभावही वेगळा. ‘आफ्रिका’ हे आंतरराष्ट्रीय आफ्रिकी संस्थेचे नियतकालिक १९२८ पासून निघते आणि त्याचा कल मानववंशशास्त्राकडे आहे. ‘आफ्रिकन अफेअर्स’ मध्ये समकालीन राजकारणाला प्राधान्य असते. ‘जर्नल ऑफ आफ्रिकन हिस्टरी’ १९६० चे, तर ‘जर्नल ऑफ सदर्न आफ्रिकन स्टडीज’ १९७४ चे. ‘रिव्ह्यू ऑफ आफ्रिकन पोलिटिकल इकॉनॉमी’ हेही १९७४ मध्येच सुरू झाले आणि २०२४ मध्ये मोठ्या व्यापारी प्रकाशकापासून वेगळे होऊन सर्वांना विनामूल्य खुले झाले. केपच्या इतिहासासाठी वेस्टर्न केप विद्यापीठाचे ‘क्रोनोस’ आहे. भारतात ‘आफ्रिका क्वार्टर्ली’ १९६१ पासून निघते आणि भारतीय आफ्रिका अभ्यास संघटनेचे ‘आफ्रिका रिव्ह्यू’ही आहे.

यांपैकी तुमचे कोणते, हे कळण्याचा एकच मार्ग मला माहीत आहे: मागील तीन वर्षांचे अंक काढा आणि तुमच्या संदर्भसूचीतील लेख त्यात किती आहेत ते मोजा. एकही नसेल तर तुम्ही दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून चालला आहात.

फसव्या नियतकालिकांचा सापळा सर्वांत महागडा आहे. मला परिषदेनंतर आठवड्यातच एक पत्र आले, निबंधाची स्तुती होती आणि छपाईची हमी होती. उत्सुकतेपोटी मसुदा पाठवला. ४८ तासांत ‘समीक्षा पूर्ण झाली’ असे उत्तर आले, सोबत बिल. एकही शंका न काढता समीक्षा पूर्ण होत नसते. मी माघार घेतल्याचे कळवले, तरी पुढे दीड महिना तगादा चालू होता. तेवढ्या काळात मला तो निबंध दुसरीकडे पाठवता आला नाही, कारण एकाच वेळी दोन ठिकाणी निबंध देणे हा गुन्हा मानतात.

काही वर्षे आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘यूजीसी-केअर’ या मान्य नियतकालिकांच्या यादीचा आधार होता. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षातून चाले. ती यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली आणि पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि आपल्यावर आली आहे. तेव्हा स्वतः तपासा: संपादक मंडळातील लोक खरोखर आपल्या विद्यापीठाच्या पानावर ही जबाबदारी नोंदवतात का, जुने अंक वेळेवर निघाले आहेत का, समीक्षेची पद्धत लिहिलेली आहे का.

इथे एक उलटा गैरसमजही दूर करायला हवा. पैसे मागणारे प्रत्येक नियतकालिक फसवे नसते. दक्षिण आफ्रिकेत सरकारमान्य नियतकालिकांतील लेखांसाठी विद्यापीठांना अनुदान मिळते, त्यामुळे तिथली काही प्रतिष्ठित नियतकालिके पृष्ठशुल्क आकारतात. ते लेखकाच्या विद्यापीठाने भरावे अशी अपेक्षा असते. आपली संस्था भरत नसेल तर संपादकाला स्पष्ट लिहा, माफी मिळू शकते. फरक असा की हे शुल्क स्वीकृतीनंतर मागितले जाते आणि नियमावलीत आधीपासून छापलेले असते.

८. समीक्षा, शब्द आणि नावे

उत्तर यायला तीन ते नऊ महिने लागतात. ‘दुरुस्त करून पुन्हा पाठवा’ हे उत्तर म्हणजे नकार नव्हे. मी तो नकार समजून पत्र दोन महिने उघडले नव्हते. दोन रकान्यांचा तक्ता करा, डावीकडे समीक्षकाचा प्रत्येक मुद्दा, उजवीकडे तुम्ही काय बदलले आणि कोणत्या पानावर. एखादा मुद्दा पटला नाही तर कारण देऊन तसे लिहा. सगळे मान्य करणाऱ्याचा निबंध शेवटी कोणाचाच राहत नाही.

शब्दांच्या बाबतीत मराठीतून विचार करणाऱ्याने जास्त जपावे लागते. आपण ‘जमात’ सहज म्हणतो आणि इंग्रजीत त्याचा ‘ट्राइब’ होतो. आफ्रिकी वाचकाच्या कानाला त्यात वसाहतीच्या साहेबाचा आवाज ऐकू येतो. लोकांचे नाव घ्या: झुलू, किकुयू, योरुबा. ‘बांटू’ हा भाषाशास्त्रातील शब्द भाषांपुरताच ठेवा, कारण दक्षिण आफ्रिकेत वंशभेदी राजवटीने तो माणसांवर शिक्क्यासारखा वापरला. विटवॉटर्सरँड विद्यापीठातून १९२१ मध्ये ‘बांटू स्टडीज’ या नावाने निघालेले नियतकालिक १९४२ मध्येच ‘आफ्रिकन स्टडीज’ झाले. जुन्या मराठी कागदांत येणारे ‘काफर’ किंवा ‘हबशी’ हे शब्द उद्धृत करायचे असतील तर अवतरणात, तळटीप देऊन करा. दक्षिण आफ्रिकेत यांतला पहिला शब्द शिवी आहे.

नावांची चूक संदर्भसूचीत हमखास होते. इथिओपियात आडनाव नसते. स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव अशी रीत आहे. इतिहासकार बाहरू झेव्दे यांचा उल्लेख म्हणूनच ‘बाहरू’ असा करतात आणि सूचीत ते ‘ब’ खाली येतात. संदर्भ जुळवणारी सॉफ्टवेअर त्यांना ‘झ’ खाली ढकलतात. ज्या समाजात ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांना पहिल्या नावानेच हाक मारली जाते, त्याला हे अवघड जाऊ नये, पण सॉफ्टवेअरवर विसंबलात तर जाते.

छपाईपूर्व मुद्रिते तपासायला बहुधा दोन-तीन दिवसच मिळतात. त्या दिवशी युक्तिवाद बदलू नका. गावांची, माणसांची आणि दप्तराच्या क्रमांकांची अक्षरे तपासा. माझ्या मुद्रितात मोर्ब्याचे मोरबी झाले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाला नावे ठेवणारा निबंध, आणि त्यातच ही चूक.

९. छापून आल्यावर

करारपत्रात ‘स्वीकृत मसुदा’, म्हणजे समीक्षेनंतर स्वीकारलेला पण छपाईची मांडणी न झालेला निबंध, स्वतःच्या संस्थेच्या संग्रहात ठेवण्याची मुभा किती महिन्यांनी आहे ते पाहा आणि त्या तारखेची नोंद कॅलेंडरमध्ये करा. पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या नियतकालिकातील लेख केप टाउनच्या शाळाशिक्षकाला विकत घेता येत नाही, मसुदा मात्र वाचता येतो. एक प्रत त्या अभिलेखागाराच्या ग्रंथालयाला पाठवा, आणि ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना दुवा न पाठवता फाइलच जोडून पाठवा. माझ्या यादीतील दोघांकडे ईमेल नव्हता. त्यांना कागदावर छापून पोस्टाने पाठवला, वर मराठीत एक पानाचा सारांश जोडून.